जॉर्जटाऊन, पेनांग: साबांना (सासूबाईंना) देवळं, लेकीला भिंतींवरची चित्रं, मला जुनी घरं... कसं जमवू?

चाफेकळी

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी घरचे सगळे मलेशियाला चाललोय. क्वालालंपूर ठरलेलंच होतं पण त्यातले दोन-तीन दिवस पेनांग बेटावरच्या जॉर्जटाऊनला द्यायचे हे मी हट्टाने ठरवून घेतलंय. साबा सत्तरीच्या पुढे, गुडघे कुरकुरतात पण देऊळ म्हटलं की चालतात, पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. लेक अकरावीत, चित्रकलेचं वेड, सायकलवरच्या दोन पोरांचं ते प्रसिद्ध भित्तिचित्र बघितल्यापासून तिथे जायचंच म्हणून बसलीये. मला जुनी घरं आणि जुने रस्ते बघायला आवडतात, नवऱ्याला खायला मिळालं की तो खूष. नेटवर "बघायलाच हव्यात अशा वीस जागा" छाप याद्या ढिगाने आहेत पण कुठे किती वेळ द्यायचा, काय कशाला लागून आहे, साबांना कुठे बसता येईल हे कोणी सांगत नाही. जाऊन आलेल्यांनी कृपया लिहा.

पायपीट

धागा वाचनखुणांत टाकलाय, आमचंही यंदा घाटतंय. क्वालालंपूरहून विमानाऐवजी ट्रेनने बटरवर्थला जा असं सुचवेन, साधारण चार तास लागतात, स्टेशनच्या शेजारूनच फेरी बोट सुटते आणि पंधरा-वीस मिनिटांत बेटावर. समुद्रातून ते जुनं गाव समोर येताना बघायला फार छान वाटतं.

बायनलेपास

नोकरीनिमित्त बरीच वर्षं याच बेटावर आहे, विमानतळाच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने आहेत तिकडे, त्यामुळे पाहुणे आले की जॉर्जटाऊन फिरवायचं काम माझ्याकडेच येतं. आधी एक स्पष्ट सांगतो, चित्रांचा नकाशा हातात धरून एकेक भिंत शोधत फिरू नका. बहुतेक लोक तेच करतात, फोटोसाठी उन्हात रांग लावतात आणि त्याच गल्लीतल्या शंभर वर्षांच्या देवळाच्या दारावरून मान न वळवता पुढे निघून जातात. देवळं धरून चाला, चित्रं वाटेत येतातच.

सुरुवात जालान मस्जिद कपितान केलिंग या रस्त्यावर करा, इंग्रजांच्या काळात याला पिट स्ट्रीट म्हणायचे. एका टोकाला सेंट जॉर्ज चर्च, १८१८ चं, पांढरंशुभ्र, पुढे मोठे खांब. थोडं चाललं की क्वान यिन तेंग, म्हणजे करुणादेवीचं चिनी देऊळ. त्याच्या मागच्या अंगाला क्वीन स्ट्रीटवर श्री महामारिअम्मनचं देऊळ, १८३३ चं, गोपुर लांबूनच दिसतं. आणि पुढे कपितान केलिंग मशीद, १८०१ साली दक्षिण भारतातून आलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांचे पुढारी कौदर मोहिद्दीन यांनी उभी केलेली. हे सगळं साबांच्या चालीनेसुद्धा रमतगमत एका सकाळीत होतं, आणि चारही ठिकाणी आजही पूजा-प्रार्थना चालू आहे. म्हणून सकाळी लवकर जा. महामारिअम्मनचं देऊळ दुपारी बंद असतं आणि मशिदीत नमाजाच्या वेळा सोडूनच पाहुण्यांना आत घेतात, अंगावर घालायला झगा तिथेच मिळतो.

क्वान यिनच्या देवळात घाई करू नका. साधारण १८०० सालचं हे देऊळ हॉकियन आणि कँटोनीज अशा दोन्ही चिनी समाजांनी मिळून बांधलं, सुरुवातीला इथली मुख्य देवी मा चोर पो होती, दर्यावर्दी लोकांची रक्षणकर्ती, नंतर क्वान यिनचं महत्त्व वाढलं. सकाळी बघाल तर ऑफिसला निघालेली माणसं स्कूटर लावून येतात, उदबत्त्यांचा जुडगा दोन्ही हातांत धरून बाहेर आकाशाकडे तोंड करून नमस्कार करतात, मग आत जातात. म्हाताऱ्या बायका तेलाचे दिवे लावत असतात. साबांना भाषा कळायची गरजच पडणार नाही, मी आमच्या आईला नेलं होतं, ती तिथल्या एका आजींच्या शेजारी बसून राहिली, उठायलाच तयार नव्हती. देवीचे मोठे दिवस चिनी पंचांगातल्या दुसऱ्या, सहाव्या आणि नवव्या महिन्याच्या एकोणिसाव्या तिथीला येतात, तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नसते आणि माणसापेक्षा उंच उदबत्त्या धुमसत असतात.

दुसरं म्हणजे खू कोंगसी. खू आडनावाच्या कुळाचं हे कुलमंदिर, समोर मोठं दगडी अंगण, चारी बाजूंनी कुळातल्या लोकांची घरं, रस्त्यावरून आत काय आहे याची कल्पनाच येत नाही. आधीची इमारत इतकी भव्य झाली की ती १९०१ मध्ये जळाली तेव्हा लोक म्हणाले, बादशहाच्या महालाशी बरोबरी केली म्हणून देव कोपले. मग बेताची बांधायची म्हणून पुन्हा बांधली, १९०६ मध्ये पूर्ण झाली, आणि ही "बेताची" इमारत बघूनच आपण थक्क होतो. छपरावरचे ड्रॅगन, फुलं, पक्षी, योद्धे नीट बघा. रंगीत चिनी मातीचे वाडगे मुद्दाम फोडून, चिमट्याने तुकडे कातरून ते एकेक करून चिकटवलेत. लेकीला दुर्बीण घेऊन जायला सांगा. आणि दाराशी दगडात कोरलेले दोन शीख पहारेकरी आहेत, ते विसरू नका. त्या काळी श्रीमंत चिनी घरांच्या दारावर शीख राखणदार ठेवत, तेच इथे कायमचे उभे केलेत.

खडूफळा

बायनलेपास, तुमचा प्रतिसाद खजिना आहे पण चित्रांबद्दल जे लिहिलंत ते मला पटलं नाही. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि जॉर्जटाऊनची ती चित्रं मुलांना दाखवत असते, स्वतः जाऊन बघूनही आलेय.

२०१२ च्या जॉर्जटाऊन फेस्टिव्हलसाठी अर्नेस्ट झाखारेविच या लिथुआनियन चित्रकाराने ती काढली. त्याचं वैशिष्ट्य हे की चित्राचा अर्धा भाग खरी वस्तू असते. आर्मेनियन स्ट्रीटवर सायकल खरी, भिंतीला टेकवलेली, आणि तिच्यावरची बहीण-भाऊ रंगवलेली. ती मुलंही खरी, याच गावातल्या भावंडांना समोर ठेवून काढलेली. आह क्वी स्ट्रीटवर जुनी मोटरसायकल खरी आणि तिच्यावरचा मुलगा रंगातला. मुंत्री स्ट्रीटवर निळ्या कपड्यांतली एक मोठीच्या मोठी मुलगी आहे, तिने दोन हात दोन खिडक्यांवरच्या खऱ्या छज्ज्यांवर रोवलेत आणि त्यांच्या जोरावर ती अधांतरी उचलली गेलीये. चाफेकळी, लेकीला वहीत ही छज्ज्यावाली मुलगी काढायला लावा, कारण तिथे चित्रकाराने आधी घर बघितलंय आणि मग ठरवलंय की मुलगी कुठे बसेल. पोपडे, ओल, चुन्याचे जुने थर सगळे त्याने तसेच ठेवून त्यावरच रंग चढवलाय. जुनी भिंत बघायला शिकवणारी ही चित्रं आहेत, त्यांना देवळाच्या विरुद्ध बाजूला का उभं करायचं?

आणि लोखंडी सळ्यांची व्यंगचित्रं राहिली की तुमच्या लिहिण्यात! ती या भित्तिचित्रांच्या आधीची कल्पना, २००९ मध्ये राज्य सरकारने स्पर्धा घेतली त्यातून निवडलेली, गावभर मिळून ५२ आहेत. सळी वाकवून काढलेली रेषा आणि सोबत दोन-तीन वाक्यांत त्या गल्लीचा इतिहास. लव्ह लेनवर बायकोला चुकवून खिडकीतून निसटणारा नवरा, कॅनन स्ट्रीटवर १८६७ च्या दंगलीतल्या तोफगोळ्याने पाडलेलं भोक, एका ठिकाणी घरातली सगळी कामं एकटीने ओढणारी मोलकरीण, पाठीला मूल आणि दोन्ही हातांत काम. बूट बनवणारा जगप्रसिद्ध जिमी चू याच गावचा, तो जिथे काम शिकला त्या भागात त्याचंही एक आहे. ही वाचत वाचत चाललं तर गाव कोणी बांधलं आणि कोणाच्या कष्टावर चाललं ते कळतं, गाइडची गरज राहत नाही.

बायनलेपास

खडूफळाताई, सळ्यांच्या चित्रांबद्दल शंभर टक्के मान्य, ती मलाही फार आवडतात. माझा राग चित्रांवर नाहीये. त्या चित्रांच्या नंतर जे आलं त्यावर आहे. २०१२ नंतर दर दुसऱ्या दुकानात तीच सायकल छापलेले टीशर्ट आणि चुंबक आले, कोणीही उठून कुठल्याही भिंतीवर काहीही रंगवायला लागलं, आणि ज्या दुकानात वेताच्या टोपल्या, उदबत्त्या, लाकडी पाट्या बनायच्या तिथे कॅफे झाले. उदबत्ती हाताने वळणारे, दुकानांच्या पाट्या कोरणारे कारागीर अजून आहेत पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तुम्ही म्हणता तशी बघणारी माणसं थोडी. पण छज्ज्यावाल्या मुलीबद्दल जे लिहिलंत ते मी यापुढे पाहुण्यांना सांगेन, मी स्वतः तिच्याकडे असं बघितलं नव्हतं.

आणि एक, ती चित्रं उन्हापावसाने उडत चाललीत. सायकलरिक्षावाल्याचं पेनांग रोडवरचं मोठं चित्र बरंच पुसट झालंय, च्यू जेटी या समुद्रातल्या वस्तीतलं होडीतल्या मुलांचं तर जवळजवळ गेलंच. लेकीला बघायची असतील तर पहिल्याच दिवशी सकाळी आठच्या आत आर्मेनियन स्ट्रीटला न्या, रांग नसते आणि ऊनही तिरपं असतं.

ठाकूरद्वार

कॅफेंचा दोष सगळा चित्रांच्या माथी नको. मूळ २००० सालात आहे. मलेशियात १९६६ चा भाडे नियंत्रण कायदा होता, १९४८ च्या आधी बांधलेल्या घरांना लागू, त्यामुळे जॉर्जटाऊनमध्ये नाममात्र भाड्यात पिढ्यानपिढ्या लोक राहिले, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. मालकाला पाडून नवं बांधण्यात रस नव्हता, भाडेकरूला सोडून जाण्यात नव्हता, म्हणून ते गाव टिकलं. तो कायदा २००० च्या जानेवारीपासून पूर्ण उठला, भाडी एकदम वाढली आणि हजारो लोकांना बाहेर पडावं लागलं. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गाव आलं २००८ मध्ये आणि चित्रं २०१२ ची, म्हणजे तोवर बरीच घरं रिकामी होऊन गेली होती. काही रिकाम्या घरांत तर पाकोळ्यांची घरटी विकायचा धंदा चालायचा, चिनी लोक ती सुपात घालतात.

मी गिरगावात चाळीत वाढलो म्हणून हा विषय माझ्या जवळचा. गंमत बघा, त्याच २००० च्या ३१ मार्चला आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू झाला आणि जुन्या भाडेकरूंचं संरक्षण चालू राहिलं. दोन बंदरं, दोन्ही इंग्रजांच्या हाताखालची, तीन महिन्यांच्या आत बरोबर उलट्या दिशेला गेली. आमच्याकडे माणसं राहिली आणि इमारतींना टेकू लागले. तिकडे इमारती रंगवून झाल्या आणि माणसं उपनगरात गेली. मी जॉर्जटाऊनला फिरताना रात्री वरच्या मजल्यांकडे बघत होतो, कुठे दिवा लागतो आणि कुठे नाही. ज्या घराच्या दाराशी जमिनीलगत तांबडा देव्हारा आणि त्यापुढे ताजी उदबत्ती दिसेल तिथे कोणीतरी अजून राहतंय असं समजायचं. चाफेकळीताई, जुन्या घरांची आवड आहे ना, मग एवढं नक्की बघा.

चाफेकळी

ठाकूरद्वार, हे माहीतच नव्हतं, धन्यवाद. माझं माहेर पण दादरच्या जुन्या चाळीतलं त्यामुळे वाचताना पोटात कालवलं. आता हे सगळं डोक्यात घेऊनच फिरेन. आतून बघता येईल असं एखादं घर सुचवाल का?

ठाकूरद्वार

लीथ स्ट्रीटवरची च्योंग फात त्झे या श्रीमंत चिनी व्यापाऱ्याची निळी हवेली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेली, ३८ खोल्या, ५ चौक, २२० खिडक्या. पार पडायला आली होती, १९९० च्या आसपास काही स्थानिक मंडळींनी विकत घेऊन दुरुस्त केली आणि २००० मध्ये तिला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. निळा रंग म्हणजे चुन्यात घातलेली नीळ. चुन्याचा गिलावा श्वास घेतो, ओल आत कोंडत नाही, या दमट हवेत सिमेंट आणि प्लास्टिक पेंट मारला की भिंत आतून सडते. मधल्या चौकात पाऊस पडताना उभं राहायला मिळालं तर नशीब. चर्च स्ट्रीटवरची हिरवी पेरानाकान (इथेच पिढ्यानपिढ्या राहून मलय चालीरीती उचललेल्या चिनी लोकांची) हवेली पण सुंदर आहे, पण तिथे वस्तू इतक्या मांडल्यात की घर दिसत नाही, निवडायचं तर निळी.

नगरचा

कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. नॉर्दॅम रोडवर (आता जालान सुलतान अहमद शाह) जुनी प्रोटेस्टंट दफनभूमी आहे, चाफ्याची मोठी मोठी झाडं. तिथे फ्रान्सिस लाइटची कबर, ज्याने १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीसाठी हे बेट घेतलं, तो १७९४ मध्ये इथेच वारला. पण मी गेलो ते थॉमस लिओनोवेन्सच्या कबरीसाठी. त्याची बायको अ‍ॅना लिओनोवेन्स, जी पुढे सयामच्या (आताच्या थायलंडच्या) मोंगकुट राजाच्या मुलांना शिकवायला गेली, तिचा जन्म १८३१ चा आमच्या अहमदनगरचा, आणि या दोघांचं लग्न १८४९ मध्ये पुण्यात झालं. नवरा १८५९ मध्ये पेनांगला वारला, पदरात दोन मुलं, मग ती सिंगापूरला गेली आणि शाळा काढून पोट भरलं, १८६२ मध्ये बँकॉक. तिने आयुष्यभर आपला जन्म वेल्समधला असल्याचं सांगितलं, नगरचं नाव काढलं नाही. लष्करी छावणीतल्या गरीब घरात, मिश्र रक्ताची म्हणून जन्मलेल्या मुलीला त्या काळात दुसरा मार्ग काय होता. मला त्या कबरीपाशी तिचाच विचार येत राहिला. वीस मिनिटं द्या, सावली आहे, साबांना बसताही येईल.

पायपीट

नगरचा, काय माहिती आणलीत! अ‍ॅना नगरची हे आजच कळलं.

सुगरणीचा_खोपा

शाकाहाराचं मी सांगते, सासूबाईंना घेऊनच गेले होते. पहिला नियम, "व्हेजिटेरियन" म्हटलं म्हणून विश्वास ठेवू नका, भाजीत बेलाचान नावाची सुक्या कोलंबीची चटणी असते आणि चार क्वे त्याव नावाच्या प्रसिद्ध नूडल्सना डुकराची चरबी. आसाम लाक्सा मासळीचाच असतो. म्हणजे गाड्यांवरचं सगळं नवऱ्याकडे सोपवा, पेनांगवर तो जीव ओवाळून टाकेल. नासी कांदार त्याला नक्की खायला द्या, पूर्वी तमिळ मुस्लिम विक्रेते कावड खांद्यावर घेऊन भात आणि कालवण विकायचे, त्याचंच आता हॉटेल झालंय.

साबांसाठी दोन जागा. एक लिटल इंडिया, क्वीन स्ट्रीट-मार्केट स्ट्रीट-पेनांग स्ट्रीट, महामारिअम्मनच्या देवळापासून दोन मिनिटं, केळीच्या पानावर साधं जेवण, इडली, डोसा, रोटी चनाय आणि डाळ. दुसरं चिनी बौद्ध शाकाहारी खानावळी. तिथे कांदा-लसूणही बऱ्याचदा नसतो, वीसेक भाज्या मांडलेल्या असतात, ताटात वाढून घ्यायच्या आणि मग पैसे. मटणासारखं दिसणारं सोयाचं काहीतरी असतं, ते बघून सासूबाई दचकल्या होत्या म्हणून आधी सांगून ठेवा. आणि चेंदोल! बर्फ, नारळाचं दूध, ताडगूळ, पांदान नावाच्या सुवासिक पानांच्या रसातल्या हिरव्या शेवया, राजमा. उन्हात फिरून आल्यावर दुसरं काही नको वाटतं.

चाफेकळी

सगळं लिहून घेतेय. आता केक लोक सी आणि थाई-बर्मी देवळांचं सांगा ना, ती लांब आहेत का? साबांना पायऱ्या कितपत?

बायनलेपास

थाई आणि बर्मी देवळं लोरोंग बर्मा गल्लीत समोरासमोर आहेत, गावातून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. बर्मी देऊळ १८०३ चं, थाई १८४५ चं, थाई देवळात ३३ मीटर लांबीचा निद्रिस्त बुद्ध. पायऱ्या नाहीत म्हटलं तरी चालेल. बहुतेक लोक निद्रिस्त बुद्ध बघून परत फिरतात, तुम्ही बर्मी देवळात जास्त वेळ काढा, बाग आहे, शांत आहे.

केक लोक सी आयर इतमच्या टेकडीवर, अर्धा दिवस लागतो. काम १८९० च्या सुमारास सुरू झालं. सात मजली पॅगोडा १९३० मध्ये पूर्ण झाला, तळ चिनी, मधला भाग थाई, कळस बर्मी, या बेटावरचे बौद्ध कुठून कुठून आले ते त्या एका इमारतीत दिसतं. वर क्वान यिनची ३० मीटरची कांस्यमूर्ती. खालून बाजारातल्या पायऱ्या चढायच्या नाहीत, साबांना दमछाक होईल, गाडी वरच्या पार्किंगपर्यंत न्यायची आणि मूर्तीपर्यंत तिरकी जाणारी लिफ्ट आहे. चिनी नववर्षाच्या सुमारास संध्याकाळी सगळं देऊळ दिव्यांनी लखलखतं, तुमच्या तारखा त्यात येतात का बघा.

आणि तारखांवरून महत्त्वाचं. थैपुसम, म्हणजे मुरुगनचा (आपल्या कार्तिकेयाचा) तमिळ सण, जानेवारी किंवा फेब्रुवारीतल्या पौर्णिमेच्या आसपास येतं, बुकिंग करण्याआधी तपासा. तेव्हा मुरुगनची यात्रा १८९४ च्या चांदीच्या रथातून, लिटल इंडियातून निघून वॉटरफॉल रोडवरच्या नाट्टुकोट्टै चेट्टियार देवळापर्यंत जाते. २०१७ पासून सोन्याचाही रथ असतो. रथ पुढे येण्याआधी रस्त्यावर नारळांच्या राशी रचून फोडतात, आणि त्यात चिनी कुटुंबं मोठ्या संख्येने असतात, नवस बोललेले. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या शेजारी एक चिनी आजोबा चार नातवंडांना एकेक नारळ हातात देऊन कसा आपटायचा ते शिकवत होते. तिथल्याच टेकडीवरचं मुरुगनचं देऊळ मात्र ५१३ पायऱ्यांचं, साबांनी खालूनच हात जोडावेत. गर्दी प्रचंड, रस्ते बंद, हॉटेल लिटल इंडियात घेतलंत तर रथ दारावरूनच जाईल.

खडूफळा

च्यू जेटी राहिली. समुद्रात खांबांवर उभी केलेली लाकडी घरं, एकेका जेटीवर एकेका आडनावाचं कूळ. एकेकाळी आणखी दोन होत्या, त्या २००६ मध्ये इमारतींसाठी पाडल्या. तिथे लोक राहतात, पोरं अभ्यास करत असतात, म्हणून उघड्या दारातून आत कॅमेरा रोखू नका. संध्याकाळी पाचनंतर जा, टोकाला छोटं देऊळ आहे. आणि लेकीची चित्रं झाली की इथे टाका, छज्ज्यावाल्या मुलीचं नक्की.

चाफेकळी

तारखा तपासल्या, थैपुसम आमच्या परतीच्या दुसऱ्या दिवशी येतंय. नवऱ्याला सुट्टी वाढवायला सांगितलीये, साबांनी तर नारळाचं ऐकून निर्णयच देऊन टाकला. आता लिटल इंडियाजवळ लिफ्ट असलेलं किंवा तळमजल्यावर खोली मिळणारं साधं हॉटेल कोणाला माहीत असेल तर विपूत (विचारपुशीत, म्हणजे खाजगी निरोपात) कळवा. बायनलेपास, रथ साधारण किती वाजता निघतो?

बायनलेपास

पहाटे. आदल्या दिवशी, म्हणजे थैपुसमच्या एक दिवस आधी सकाळी उजाडायच्या आत लिटल इंडियात उभे राहा, पुढे तो रांगत रांगत दिवसभर जातो त्यामुळे साबांना दुपारी खोलीत झोपवून संध्याकाळी पुढच्या टप्प्यावर गाठता येतो. पाणी जवळ ठेवा, चपला जुन्या घाला, रस्ता नारळाच्या पाण्याने निसरडा झालेला असतो. हॉटेलचं विपूत कळवतो.